सायलेंट हंटर ३ : वेपन्स ऑफिसरची मदत बंद करून खेळायला शिकताना सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी हा गेम बरीच वर्षं सगळी मदत बंद करून खेळते आणि ज्यांना ज्यांना त्याबद्दल सांगितलं त्यांच्याकडून तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून आता सगळे एका जागी लिहून ठेवतेय. ज्यांनी गेम बघितलाच नाहीये त्यांच्यासाठी एवढंच, की हा २००५ मध्ये यूबीसॉफ्टनं काढलेला पाणबुडीचा सिम्युलेशन गेम आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटचे तुम्ही कॅप्टन असता. ग्राफिक्स जुने झालेत पण टॉर्पेडो नेमायचं काम यात ज्या पद्धतीनं शिकता येतं तसं फार कमी गेम्समध्ये येतं. खालची उदाहरणं बहुतेक टाइप सात-सी बोटीवरची आहेत, पुढे चार ट्यूब आणि मागे एक.

१. मदत बंद म्हणजे नक्की काय बंद करायचं?

रिअॅलिझमच्या पानावर बऱ्याच खुणा आहेत पण आपल्या विषयाशी संबंध तीनचाच. एक, मॅन्युअल टार्गेटिंग चालू करायचं, म्हणजे जहाज लॉक केलं की टॉर्पेडो आपोआप नेमला जातो ते थांबतं. दोन, वेपन्स ऑफिसरची मदत बंद करायची, म्हणजे त्याला 'सोल्यूशन दे' म्हणून तयार आकडे मागता येत नाहीत. तीन, मॅपवरचे काँटॅक्ट अपडेट बंद, म्हणजे दिसलेली जहाजं नकाशावर आपोआप उमटत नाहीत. बॅटरी, ऑक्सिजन, इंधन, रिलोडचा वेळ हे सगळं खुशाल खरं ठेवा, त्याचा शिकण्याला त्रास होत नाही.

२. माझं गणित कच्चं आहे, जमेल का?

जमेल. दोन आकड्यांचा गुणाकार, भागाकार आणि कागदावरचं एक छोटं कोष्टक (ते प्रश्न ९ मध्ये दिलंय) एवढ्यावर सगळं चालतं. मला कित्येक लोक सांगतात की ट्रिगोनॉमेट्री विसरलो म्हणून सुरूच केलं नाही, आणि खरंच वाईट वाटतं कारण इथे अडतं ते गणितावर नाहीच, अडतं ते घाईवर. चुकीच्या जागेवरून मारलेला टॉर्पेडो कितीही चांगल्या गणितानं वाचत नाही, आणि योग्य जागेवर आधी जाऊन शांत बसलात तर अंदाजे आकड्यांवरही लागतो. या पानावर मला सांगायचंय ते हेच आहे, बाकीची उत्तरं त्याच्या आजूबाजूनंच फिरतात.

३. सगळं एकदम बंद करू की हळूहळू?

हळूहळू करा. आधी नेव्हल अॅकॅडमीतली टॉर्पेडोची ट्रेनिंग मिशन दोन-तीनदा खेळा. मग मॅन्युअल टार्गेटिंग चालू पण ऑफिसरची मदतही चालू असं ठेवा. यात गंमत अशी की आधी तुम्ही स्वतः अंतर, कोन, वेग काढायचा, वहीत लिहायचा आणि मग ऑफिसरला विचारायचं. त्याचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी शेजारी लिहीत गेलात की आठ-दहा जहाजांत कळतं तुमची चूक कुठल्या बाजूला होते. मला कळलं की मी कोन नेहमी जास्त धरते, ३५ असला की ५० वाटायचा. हे एकदा कळलं की सुधारतं. ऑफिसर बंद करायचा तो त्यानंतर, आणि मॅप अपडेट सगळ्यात शेवटी.

४. टीडीसीला नक्की कुठली माहिती लागते?

टीडीसी म्हणजे टॉर्पेडोचा कोन काढणारं यंत्र. त्याला चार गोष्टी लागतात: जहाज कुठल्या दिशेला दिसतंय (बेअरिंग), किती लांब आहे, किती वेगानं चाललंय, आणि त्याचं तोंड आपल्या तुलनेत कुठे आहे (अँगल ऑन बो, पुढे मी नुसता एओबी म्हणेन). यातून ते गायरो अँगल काढतं, म्हणजे ट्यूबमधून बाहेर पडल्यावर टॉर्पेडोनं किती वळायचं. नवीन लोक हमखास विसरतात ते म्हणजे गेममधल्या वहीत आकडा लिहिला तरी बाजूची बरोबरची खूण दाबल्याशिवाय तो टीडीसीत जात नाही. टॉर्पेडो भलतीकडेच गेला असेल तर पहिल्यांदा हे तपासा.

५. एओबी डोक्यात शिरतच नाही, सोप्या भाषेत सांगा ना

समोरच्या जहाजाच्या कप्तानाच्या जागी जाऊन उभे राहा. तो नाकासमोर बघतोय. तुम्ही त्याला उजवीकडे दिसता की डावीकडे, आणि नाकाच्या रेषेपासून किती अंश? तोच एओबी. तो थेट तुमच्या अंगावर येत असेल तर ०, पूर्ण आडवा दिसत असेल तर ९०, पाठ फिरवून चालला असेल तर १८०. डावा-उजवा नेहमी त्याचा, आपला नाही.

डोळ्यानं अंदाज करताना सगळ्यात मोठा घोळ इथे होतो: जहाज त्याच्या खऱ्या लांबीच्या अर्धं दिसलं की लोक ४५ लिहितात. ते चूक आहे, अर्धं दिसतं तेव्हा कोन ३० असतो. ४५ ला जहाज जवळजवळ सत्तर टक्के लांब दिसतं. म्हणून ६० च्या पुढे डोळ्यावर फार विश्वास ठेवू नका, तिथे ६५ आणि ८० जवळपास सारखेच दिसतात.

डोळ्यापेक्षा नकाशा बरा. जहाजाचा कोर्स, म्हणजे ते कुठल्या दिशेला चाललंय, माहीत असेल तर जिकडून ते तुम्हाला दिसतं त्याच्या उलट दिशा घ्या आणि त्यातून कोर्स वजा करा. जहाज ३४५ ला दिसतंय, उलट दिशा १६५, त्याचा कोर्स ०९०, म्हणजे १६५ वजा ९० बरोबर ७५ उजवा. उत्तर उणे आलं तर डावा.

६. वेग कसा मोजायचा?

दोन पद्धती आहेत, दोन्ही शिका.

पहिली नकाशावरची. जहाजाची जागा खुणेनं मांडा, स्टॉपवॉच लावा, ३ मिनिटं १५ सेकंदांनी परत मांडा. दोन खुणांमधलं अंतर मीटरमध्ये मोजून १०० नं भागा, तोच वेग नॉटमध्ये. ८०० मीटर म्हणजे ८ नॉट. यात जादू काही नाही, १ नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर आणि त्या वेगानं ३ मिनिटं १५ सेकंदांत जवळजवळ १०० मीटर होतात. वेळ असेल तर ६ मिनिटं ३० सेकंद थांबा आणि २०० नं भागा, खुणा मांडताना झालेली चूक निम्मी होते.

दुसरी पेरिस्कोपच्या तारेची. पेरिस्कोप हलवायचा नाही, जहाजाचं नाक उभ्या रेषेला लागलं की घड्याळ सुरू, शेपटी गेली की बंद. जहाजाची लांबी मीटरमध्ये, भागिले सेकंद, गुणिले १.९४. लिबर्टी शिप साधारण १३५ मीटर लांब, रेषा ओलांडायला ३३ सेकंद लागले तर ८ नॉट. हिचं वैशिष्ट्य असं की अंतर माहीत नसलं तरी चालतं आणि कोनाची पण गरज नाही, कारण जहाज रेषेतून स्वतःची लांबी पार करतं एवढंच आपण मोजतो. अट एकच, आपली बोट थांबलेली हवी, किंवा चालत असेल तर मोजणी नाकासमोर ००० वर करायची, म्हणजे आपली चाल आडवी मोजली जात नाही. आणि मोजताना टाइम कॉम्प्रेशन, म्हणजे गेममधला वेळ भरभर पळवणं, लावू नका.

७. स्टॅडिमीटरनं अंतर दर वेळी वेगळं येतं, काय चुकतंय?

बहुतेक वेळा जहाज चुकीचं ओळखलेलं असतं. स्टॅडिमीटर पाण्याच्या रेषेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची मोजतो आणि गेममधल्या जहाजं ओळखायच्या पुस्तकातल्या उंचीवरून अंतर काढतो, त्यामुळे पुस्तकात भलतंच जहाज उघडलं असेल तर त्याच प्रमाणात अंतर चुकतं. दुसरं कारण लाटा, बोट डोलत असताना मोजलं तर चुकणारच, म्हणून तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. पण अंतराचा इतका ताण घेऊ नका, त्याची गरजच कशी संपवायची ते प्रश्न ९ मध्ये आहे.

८. सगळे आकडे बरोबर होते तरी टॉर्पेडो मागून गेला, का?

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब देते कारण हा कळला की निम्मा गेम कळला.

समजा टॉर्पेडो ३० नॉटचा आहे. १००० मीटर जायला त्याला ६५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ८ नॉटचं जहाज २६७ मीटर पुढे सरकलेलं असतं. वेग तुम्ही १ नॉटनं चुकवलात तर ६५ सेकंदांत ३३ मीटरचा फरक पडतो. १३५ मीटरचं जहाज आडवं असेल आणि तुम्ही मध्यावर नेम धरला असेल तर दोन्ही बाजूंना साठ-पासष्ट मीटर मोकळीक आहे, म्हणजे टॉर्पेडो लागतोच, फक्त मध्यावर न लागता थोडा मागे किंवा पुढे. तोच शॉट २००० मीटरवरून घ्या, फरक ६७ मीटर झाला, टॉर्पेडो शेपटीमागून गेला. आकडा तोच, चूकही तेवढीच.

आता कोन बघा. तेच जहाज १००० मीटरवर, खरा एओबी ७५ आणि तुम्ही ६५ लिहिला, तर टॉर्पेडो जेमतेम १६ मीटर इकडेतिकडे होतो. पण खरा ४० असताना ३० लिहिला तर जवळजवळ ४० मीटरचा फरक पडतो, आणि त्या कोनातून जहाजच निमुळतं दिसतंय, दोन्ही बाजूंना मोकळीकही तेवढीच उरते, म्हणजे टॉर्पेडो काठावरून जाणार. दोन्ही वेळा चूक १० अंशाचीच होती.

म्हणून जवळून आणि आडव्या जहाजावर मारा. ८०० ते १२०० मीटर छान. ३०० मीटरच्या आत मात्र जाऊ नका, तेवढ्या अंतरात टॉर्पेडो सज्जच होत नाही, नुसता ठण्ण आवाज येतो आणि जहाज सावध होतं.

९. फास्ट नाइन्टी का काय म्हणतात ती पद्धत पायरी पायरीनं सांगाल?

हो, आणि मी नव्या माणसाला पहिली हीच शिकवते. कल्पना अशी की जहाजाच्या रस्त्याला काटकोनात बोट उभी करायची आणि टॉर्पेडो नाकासमोर सरळ सोडायचा. गायरो अँगल शून्य, टॉर्पेडोला वळायचंच नाही, त्यामुळे अंतर चुकलं तरी काही बिघडत नाही.

एक जहाज पूर्वेला ०९० कोर्सवर ८ नॉटनं चाललंय. मी त्याच्या रस्त्याच्या दक्षिणेला साधारण १००० मीटरवर, तोंड उत्तरेला ०००, इंजिन बंद. जहाज डावीकडून येणार. टॉर्पेडो ३० नॉटचा, कोष्टकात ८ नॉटसमोर १५ अंश. म्हणजे पेरिस्कोप १५ अंश डावीकडे, ३४५ वर लावायचा. तिथे जहाज आलं की त्याचा एओबी ९० वजा १५, म्हणजे ७५ उजवा असणार. टीडीसी मॅन्युअलवर टाकून वेग ८, एओबी उजवा ७५, बेअरिंग ३४५ आणि अंतर १००० भरायचं. गायरो शून्याच्या जवळ दिसला पाहिजे. दिसत नसेल तर डावा-उजवा उलटा लिहिलाय, परत तपासा. मग स्विच परत जागेवर, जहाज लॉक करायचं नाही, ट्यूबचं दार आधी उघडून ठेवायचं, नाहीतर ते उघडेपर्यंत टॉर्पेडो उशिरा सुटतो.

आणि मग थांबायचं. पेरिस्कोप खाली घ्या, मिनिटभरानं पाच सेकंद वर, परत खाली. शेवटी ३४५ वर रेषा धरून बसा. पुढची डोलकाठी रेषेला आली, पहिला सोडा. धुराडं आलं, दुसरा. मागची डोलकाठी, तिसरा. घड्याळ बघा, ६५ सेकंद. ते ६५ सेकंद काय असतात ते सांगून कळत नाही, खोलीतला पंखासुद्धा ऐकू येतो.

कोष्टक कागदावर उतरवून मॉनिटरला चिकटवा. ३० नॉटच्या टॉर्पेडोला: ६ नॉटचं जहाज असेल तर ११ अंश, ८ ला १५, १० ला १८, १२ ला २२. ४४ नॉटच्या टॉर्पेडोला: ८ ला १०, १० ला १३, १२ ला १५.

१०. कोष्टक, कॅल्क्युलेटर, फोन वापरला तर चीटिंग नाही का?

अजिबात नाही. खऱ्या यू-बोटवर कॅप्टनकडे कोन काढायच्या फिरत्या चकत्या असायच्या आणि टीडीसी हे स्वतःच एक गणित करणारं यंत्र होतं. मोजायचं काम तुम्ही करताय ना, मग भागाकार कोणी का करेना.

११. जहाज दिसतं तेव्हा ते आधीच पुढे निघून गेलेलं असतं, मग काटकोनात जाणार कसं?

पाण्याखालून पाठलाग करू नका, सगळे हीच चूक करतात. सात-सी पाण्यावर १७ नॉटच्या वर जाते, पाण्याखाली साडेसात, आणि तेही थोडाच वेळ. पाण्याखाली ४ नॉटनं गेलात तर एकूण ८० सागरी मैलांच्या आसपास बॅटरी पुरते. म्हणून पाण्यावरच राहा, जहाज क्षितिजावर जेमतेम दिसेल इतकं लांब ठेवा, आणि मोठा वळसा घालून त्याच्या पुढे जा. ८ नॉटच्या जहाजाला १५-१६ नॉटनं वळसा घालायला कधी कधी गेममधले पाच-सहा तास लागतात. लागू देत. पुढे जाताना त्याचा कोर्स आणि वेगही फुकटात पक्का होतो, कारण इतका वेळ तुम्ही त्याच्या खुणा मांडताय.

आणि एक साधी गोष्ट लक्षात ठेवा, दिसणाऱ्या जहाजाचं बेअरिंग बदलतच नसेल तर तुम्ही दोघं एकाच बिंदूवर भेटणार आहात. बेअरिंग तुमच्या शेपटीकडे सरकत असेल तर तुम्ही त्याच्या पुढे पोचताय.

१२. कुठला टॉर्पेडो घ्यायचा? आणि फुटतच नाहीत त्याचं काय?

वाफेवरचा टी-वन ४४ नॉटनं जातो पण मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो, दिवसा ती दिसते आणि जहाज वळतं. विजेवरचा ३० नॉट, पल्ला ५००० मीटर, रेघ नाही. मी दिवसा विजेवरचा, रात्री वाफेवरचा वापरते.

डड टॉर्पेडोची (म्हणजे न फुटणाऱ्या टॉर्पेडोंची) खूण चालू असेल तर १९३९-४० मध्ये तुमची चिडचिड होणार आहे आणि ती इतिहासाला धरूनच आहे. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन टॉर्पेडो इतके फसले की स्कापा फ्लो या ब्रिटिश आरमारी तळात घुसून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवणारा यू-बोट कॅप्टन ग्युंटर प्रीन सुद्धा नांगरलेल्या जहाजांवर मारा करून रिकाम्या हातानं परतला. चुंबकीय पिस्तूल (पिस्तूल म्हणजे टॉर्पेडो फोडणारा भाग, चुंबकीय असेल तर जहाजाखालून जाताना फुटतो, इम्पॅक्ट असेल तर आदळल्यावर) नीट चालत नव्हतं, आणि टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली धावत होते, त्याचं एक कारण तर १९४२ च्या सुरुवातीला सापडलं. गेममध्ये उपाय असा: सुरुवातीच्या वर्षांत इम्पॅक्ट पिस्तूल, खोली ३-४ मीटर, आणि जहाजाच्या बाजूला शक्य तितकं काटकोनात मारा, तिरका लागला तर इम्पॅक्ट पिस्तूल घसरतं. वादळात चुंबकीय वापरू नका, वाटेतच फुटतो.

१३. मॅप अपडेट बंद केले, आता नकाशा नुसता निळा कागद दिसतो. करू काय?

पेरिस्कोपमधून दोन आकडे आणा, बेअरिंग आणि अंतर, बाकी पट्टी-कोनमापकाचं काम. बेअरिंग आपल्या नाकाच्या तुलनेत असतं, ते खऱ्या दिशेत बदलायला आपला कोर्स मिळवा, ३६० च्या वर गेलं तर ३६० वजा करा. माझा कोर्स ०७०, जहाज ३२० ला दिसलं, बेरीज ३९०, म्हणजे खरी दिशा ०३०. बोटीपासून त्या दिशेला रेघ, रेघेवर अंतर, तिथे खूण आणि शेजारी वेळ. वेळ लिहायला विसरू नका, अर्ध्या तासानं कुठली खूण कधीची ते कोणालाच आठवत नाही. अशा तीन खुणा सरळ रेषेत आल्या की तो कोर्स. आल्या नाहीत तर मधली चुकलीय किंवा जहाज वळतंय, अजून एक मांडा.

१४. हायड्रोफोनवर (पाण्यातले आवाज ऐकायचं यंत्र) नुसता आवाज येतो, अंतर कळत नाही. त्यावरून काढता येतं का?

येतं, पण सबुरी पाहिजे. बोट थांबवून सारख्या वेळानं, समजा दहा-दहा मिनिटांनी, तीन बेअरिंग घ्या. आपण स्थिर असताना तीन बेअरिंगवरून जहाजाचा कोर्स मिळतो: नकाशावर पट्टी अशी फिरवायची की तीन रेघांमधले दोन तुकडे सारख्या लांबीचे पडतील, पट्टीची जी दिशा येते तो कोर्स. अंतर आणि वेग मात्र अजून माहीत नाही. मग बोट बाजूला दुसरीकडे न्या आणि चौथं बेअरिंग घ्या, आता अंतरही ठरतं आणि वेगही. धुक्यात ही पद्धत सोडून दुसरं काही चालत नाही. जहाजानं मध्येच कोर्स बदलला तर सगळं परत पहिल्यापासून.

१५. जहाज नागमोडी जात असेल तर?

सावध झालेलं जहाज तसं जातं. प्रत्येक वळणाच्या मागे धावू नका. लांबून तीन-चार वळणं मांडा, त्यांच्या मधून जाणारी सरासरी दिशा हा त्याचा खरा प्रवास, वळसा त्या दिशेनं घाला (प्रश्न ११). शॉट मात्र नुकतं वळण घेतल्यावर लगेच घ्या, तेव्हा पुढचं वळण सगळ्यात लांब असतं. इथे ४४ नॉटचा टॉर्पेडो आणि कमी अंतर, दोन्ही हवंच.

१६. काफिल्यात इतकी जहाजं असताना आकडे कोणाचे काढायचे?

एकाचे काढा, सगळ्यांना लागू होतात, कारण काफिल्यात वेग आणि कोर्स सगळ्यांचा एकच असतो. काफिला हे म्हणूनच एकट्या जहाजापेक्षा सोपं लक्ष्य आहे, अवघड आहेत ते एस्कॉर्ट, म्हणजे राखणीच्या युद्धनौका. कोर्स-वेग पक्का झाला की प्रश्न ९ ची मांडणी तशीच ठेवा आणि रेषेला जे येईल त्यावर सोडत जा. जर्मन यू-बोट कॅप्टन ऑटो क्रेचमर रात्री पाण्यावरूनच काफिल्याच्या रांगांमध्ये शिरून एका जहाजाला एकच टॉर्पेडो वापरायचा. गेममध्ये युद्धाच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत हे जमतं, पुढे रडार आल्यावर नाही.

१७. टॉर्पेडो सोडल्यावर एस्कॉर्ट मागे लागले, हायड्रोफोनवर कोणीच नाही तर कळणार कसं कुठून येतायत?

स्वतः बसा. एस्कॉर्टचे पंखे मालवाहू जहाजापेक्षा खूप जलद फिरतात, दोन-तीन वेळा ऐकलं की कान ओळखतो. त्याला नेहमी आपली शेपटी किंवा नाक दाखवा, आडवं अंग नको, आणि वेग २ नॉटच्या आत ठेवा. सायलेंट रनिंगमध्ये, म्हणजे आवाज न करता चालताना, रिलोड आणि दुरुस्ती थांबते हे लक्षात असू द्या, आधी निसटा मग टॉर्पेडो भरा. तो अगदी डोक्यावर आला की त्याला तुम्ही ऐकू येत नाही, पूर्ण वेग आणि वळण घ्यायची वेळ तीच, मग परत शांत.

१८. हेच शिकलेलं दुसऱ्या गेम्समध्ये चालतं का?

चालतं, भूमिती तीच राहते. २००७ च्या सायलेंट हंटर ४ मध्ये अमेरिकन बोटी आणि पॅसिफिक आहे, टीडीसी वेगळं दिसतं पण माहिती तीच मागतं. यूबोट या गेममध्ये माणसं सांभाळायचा भाग मोठा आहे. वुल्फपॅकमध्ये खरी माणसं वाटून कामं करतात, त्याबद्दल प्रश्न २१.

१९. आपल्या अरबी समुद्रात यू-बोट आल्या होत्या का?

आल्या होत्या. १९४३ पासून मॉन्सून ग्रुप नावानं लांब पल्ल्याच्या बोटी हिंदी महासागरात पाठवल्या गेल्या, मलायातल्या पेनांगला त्यांचा तळ होता. टाइप नऊ डी-टू ही त्यातली मोठी बोट, गेममध्ये आहे. गोव्याचा संबंध तर थेट आहे: गोवा तेव्हा पोर्तुगीज, म्हणजे तटस्थ, आणि मुरगाव बंदरात एरेनफेल्स हे जर्मन मालवाहू जहाज अडकून होतं. त्यावरून यू-बोटना जहाजांची खबर जाते असा ब्रिटिशांना संशय होता, म्हणून ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवक दलाचे लोक गुपचूप त्यावर चढले आणि जहाज बुडालं. मुरगावला गेले की मला त्या पाण्याकडे बघत राहावंसं वाटतं.

२०. जर्मन बाजूनं खेळताना वाईट नाही वाटत?

हा प्रश्न घरातूनही आला, आणि विचारणाऱ्याचं बरोबर आहे. वाटतं. ज्या मालवाहू जहाजांवर आपण रेषा धरतो त्यांच्या इंजिनरूममध्ये खऱ्या युद्धात हजारो भारतीय खलाशी होते, त्यात रत्नागिरीकडचे, आपल्या कोकणातले कितीतरी. सप्टेंबर १९४० मध्ये यू-४८ नं सिटी ऑफ बनारस बुडवलं, त्यावर इंग्लंडहून सुरक्षित जागी पाठवलेली लहान मुलं होती आणि भारतीय खलाशीही. मुंबईत मस्जिद स्टेशनजवळ खलाशांच्या वसतिगृहात समुद्रात गेलेल्यांचं स्मारक आहे, एकदा जाऊन या. मी खेळते ते नेम, वाट बघणं, समुद्र यासाठी, पण जहाज बुडतानाचा कॅमेरा बंद ठेवते आणि घरातल्या मुलांना दोन्ही बाजू सांगते.

२१. मित्रांबरोबर वुल्फपॅक खेळतो, आकडे ऐकण्यात घोळ होतो, काही उपाय?

आहे, आणि हा खास आपला मराठी घोळ आहे. हेडफोनवर 'एकोणसाठ', 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यातलं नक्की काय म्हणाला ते गडबडीत कळत नाही, आणि एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्याकडे एकदा यामुळे चार टॉर्पेडो मोकळ्या समुद्रात गेले. तेव्हापासून आम्ही आकडा सुटा सुटा बोलतो, बेअरिंगला तीन-चार-पाच, शून्य-सात-शून्य, आणि ज्याला सांगितला त्यानं तोच परत म्हणायचा. एओबी सांगताना आधी बाजू मग आकडा: 'उजवा, सात-पाच'. वेगाला शेवटी 'नॉट' म्हणायचंच, म्हणजे तो अंतराच्या रकान्यात जात नाही. पेरिस्कोपवरचा माणूस 'आता' म्हणाला की घड्याळवाल्यानं घड्याळ सुरू करायचं, 'आता' हा शब्द त्या वेळात दुसऱ्या कोणी कशासाठीही वापरायचा नाही.